मांजराकाठचा एकदंत

आमच्या माहेरी, भालकी तालुक्यातल्या घरात, देवघरात दोन गणपती. एक पितळेचा, सगळ्यांच्या घरी असतो तसा. दुसरा लाल फडक्यात गुंडाळलेला, सव्वा फूट लांब, पोटरीएवढा जाड, किंचित वाकलेला, आठ किलोच्या वर वजनाचा. रंग जुन्या चुन्यासारखा, मधूनमधून चहाचे डाग पडावेत तसा. आम्ही मुलं त्याला 'अज्जांचा सुळा' म्हणायचो.

१९५६ साली, बीदर म्हैसूर राज्यात गेलं त्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर अज्जा मांजराच्या काठी पांढरी माती आणायला गेले होते. पुराने दरड कापली होती आणि त्या दरडीतून हा बाहेर डोकावत होता. अज्जांनी खुरप्याने मोकळा केला, बैलगाडीत घातला, घरी आणला. गावातल्या कुणी म्हणालं दगड, कुणी म्हणालं राक्षसाचं हाड. आजीने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, हा गणपतीचा दात आहे. झालं, देवघरात गेला.

तेव्हापासून दर चतुर्थीला त्याला दुधा-पाण्याचा अभिषेक. दहा दिवस रोज ओला, मग वर्षभर फडक्यात कोरडा. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तो कोनाड्यातून खाली आला. तुटला नाही, पण लांबीच्या बाजूने केसासारखी चीर पडली. पुढची वीस-बावीस वर्षं त्या चिरेत दूध गेलं, पाणी गेलं, कुंकू गेलं. २०१५ च्या गणपतीत काकू त्याला ताम्हनात ठेवायला गेली आणि तो तिच्या हातात उमलला. हो, उमलला हाच शब्द. पडला नाही, आपटला नाही. कांद्याची पातं सुटावीत तशी त्याची पातं सुटली. ताम्हनात अकरा मोठे तुकडे आणि मूठभर चुरा.

काकू तिथेच खाली बसली.

खंडित की एकदंत?

वाचकहो, आपल्याकडे खंडित मूर्ती देवघरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. काकूचं म्हणणं तेच होतं. "मांजरातून आला, मांजरात जाऊ दे." तिचं दुःख खोटं नव्हतं, आपल्या हातून झालं हे तिला रात्र रात्र झोपू देत नव्हतं, आणि विसर्जन हाच तिला ठाऊक असलेला मार्ग होता.

माझी आई आळंदकडची, कानडी घरातली. आम्ही तिला अव्वा म्हणतो. ती चार दिवस गप्प होती. मग म्हणाली, "मुरिद्रे एनायतु? अवनू एकदंतने अल्ल?" मोडला तर काय झालं, तोही एकदंतच ना? आता यावर काय बोलणार? महाभारत लिहिताना स्वतःचाच दात मोडून लेखणी करणारा देव आपला. त्याचा दात मोडला म्हणून त्याला पाण्यात सोडायचं?

तिसरा पक्ष दादाचा. त्याला शहरात कुणी तरी सांगितलं होतं की जुन्या हस्तिदंताला पैसे येतात. तो विकणार नव्हता, पण विचारून ठेवलं होतं एवढं खरं. मी कलबुर्गीहून गेले तेव्हा घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

शेवटी दादाने मधला मार्ग काढला, म्हणजे डिंक काढला. सुतारकामाचा पांढरा डिंक मोठ्या तुकड्यांना, झटपट चिकटणारा गोंद लहान तुकड्यांना, आणि एका हट्टी तुकड्याला दोन नळ्या मिसळून लावतात तो कडक गोंद. जो तुकडा हाती आला तो लावत गेला. नऊ तुकडे बसले. दहावा बसेना. प्रत्येक सांध्यात डिंकाचा जाड थर राहिला होता, सगळे थर मिळून सुळा आतून फुगला होता, आणि शेवटच्या दोघांना जागाच उरली नव्हती. दादाने कानस आणली. अव्वाने ती हिसकावून घेतली, म्हणून दोन तुकडे वाचले.

मग ते सगळं माळ्यावर गेलं. वर पत्रा. पुढच्या मे महिन्यात काढून पाहिलं तर सांधे घसरलेले. एका बाजूची तीन पातं पाव इंच खाली सरकून तशीच घट्ट झाली होती, आणि खाली घातलेलं वर्तमानपत्र कायमचं चिकटलेलं. सोन्याचे भाव, सिनेमाची जाहिरात, सगळं वाचता येत होतं.

मुळात हे होतं काय?

त्या दिवाळीत मी तो पेटीत घालून पुण्याला नेला. ओळखीतून एका बाईंचा पत्ता मिळाला होता. संग्रहालयात जुनी हाडं, दात, मडकी जोडण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी भिंग काढलं, तुटलेल्या कडेवर धरलं आणि मला पाहायला सांगितलं. आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी होती, चटईच्या विणीसारखी. ही जाळी फक्त हत्तीच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या सुळ्यात असते. या रेषांमधला कोन हत्तीत साधारण ११५ अंशांहून मोठा असतो आणि सैबेरियाच्या बर्फातल्या केसाळ मॅमथमध्ये ९० अंशांहून लहान. चोरट्या व्यापारातला हस्तिदंत ओळखायला जगभरचे तपासनीस हीच खूण वापरतात.

मग बाईंनी एक छोटी कपची उचलून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "जिभेला लाव." मला वाटलं चेष्टा करतायत. लावली तर चिकटली! आतला चिवट प्रथिनांचा भाग जाऊन बारीक छिद्रं उरली की ती ओल शोषतात आणि जीभ धरून ठेवतात. घरी येऊन मी अव्वालाही करायला लावलं. ती लहान मुलीसारखी हसली, "अंटतद नोडु!" चिकटतंय बघ. चिकटण्याला कानडीत अंटु, आणि डिंकालाही अंटुच. पुढचं सगळं प्रकरण त्या एका शब्दाभोवती फिरलं.

आपल्या मुलखात हत्तीचा सुळा मातीत कसा, असं वाटेल. पण मांजरा बालाघाटच्या डोंगरात उगवून बीड, धाराशिव, लातूर करत बीदर जिल्ह्यात येते, आणि तिच्या काठच्या जुन्या गाळात हजारो वर्षांपूर्वीची जनावरं गाडलेली आहेत. लातूर जिल्ह्यात हारवाडीच्या परिसरात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना हत्तीचे, रानबैलांचे, इतकंच काय पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले आहेत. मांजरात पाणघोडे! मांजरा ज्या गोदावरीला मिळते तिच्या काठी, नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला, एका प्रचंड हत्तीची कवटी सापडली होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पिलग्रिम यांनी १९०५ साली तिचं वर्णन छापलं. त्या हत्तीच्या नावात नर्मदा आहे, नमाडिकस, कारण तो आधी नर्मदेच्या खोऱ्यात सापडला. एका हाडावरून अभ्यासकांनी त्याची खांद्यापर्यंतची उंची सतरा फुटांपर्यंत मांडली आहे. आपलं दुमजली घर डोळ्यापुढे आणा.

आणि कलबुर्गीकरांनी मागे राहायचं कारण नाही. हुणसगी, जे पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यातल्या सुरपूर तालुक्यात होतं आणि आता यादगिरीत आहे, तिथे डेक्कन कॉलेजच्याच के. पद्दय्या यांनी १९७४ पासून आदिमानवाची दगडी हत्यारं शोधली. त्या खोऱ्यात सादब आणि तेग्गिहळ्ळी इथे हत्तीच्या दाढा मिळाल्या. त्यांच्यावरून काढलेलं एक वय सुमारे २ लाख ९० हजार वर्षांचं आलं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. या सगळ्या ठिकाणी दाढा टिकतात, सुळे क्वचित. दाढेवर काचेसारखं कठीण आवरण असतं. सुळ्याला ते नसतं. सुळा म्हणजे एकात एक बसवलेले भेळेचे कागदी कोन. हत्ती वाढतो तसा आतून नवा कोन तयार होतो. जिवंतपणी चिवट प्रथिनं त्या कोनांना धरून ठेवतात. हजारो वर्षांत ती जातात आणि नुसता खनिजाचा ठिसूळ सांगाडा उरतो. त्याला ओलं करा, वाळवा, ओलं करा, वाळवा, बाहेरचा कोन फुगतो-आकसतो, आतला तसाच राहतो. साठ वर्षांचा अभिषेक! बाई एवढंच म्हणाल्या, "देवाला दोष नाही, पाण्याला आहे."

आधी मडकं फोड

मला वाटलं होतं त्या सुळा ठेवून घेतील आणि महिन्याभरात जोडून देतील. त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात मातीचं मडकं आहे? ते फोड आणि जोडून आण."

दोन मडकी आणि एक पणती फोडल्यावर मला पुढचं शिकवायला त्या तयार झाल्या. पहिला नियम, जे लावशील ते उद्या काढता आलं पाहिजे. आपल्याला वाटतं सांधा जितका पक्का तितका चांगला. त्यांचं म्हणणं उलट होतं. सांधा मूळ वस्तूपेक्षा किंचित कच्चाच हवा. पुन्हा ताण आला तर डिंक सुटेल आणि जुन्याच जागी परत लावता येईल. डिंक वस्तूपेक्षा कडक असेल तर शेजारची कोरी जागा फुटते. दादाच्या दोन नळ्यांच्या गोंदाने नेमकं तेच केलं होतं. सांधा शाबूत, बाजूला नवी चीर.

जुन्या काळी जे हाताशी होतं ते वापरत, लाख, सरस, मेण. लेयार्ड या इंग्रजाने १८४० च्या दशकात इराकमधल्या निमरूदला राजवाड्यातले कोरीव हस्तिदंत काढले, तेव्हा ते हात लावताच भुगा होत होते. लंडनला नेल्यावर ते जिलेटीनमध्ये उकळले आणि सावरले. जीवाश्म नव्हेत ते, पावणेतीन हजार वर्षांचे हस्तिदंत, पण दुखणं तेच. जे प्रथिन गेलं होतं तसंच काहीसं परत भरलं. युक्ती चांगलीच म्हणायची.

आता संग्रहालयं बहुतेक वेळा पॅरालॉइड बी-७२ नावाचं रेझिन वापरतात. काचेच्या साबुदाण्यासारखे दाणे असतात. ते पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधायचे, ॲसिटोनच्या बरणीत टांगायचे, रात्रभरात विरघळतात. पातळ केलं की ते ठिसूळ वस्तूत मुरतं आणि तिला बळ देतं. घट्ट केलं की डिंक होतो. आणि कधीही ॲसिटोन लावलं की परत विरघळतं. ॲसिटोन मात्र पेट्रोलसारखं पेट घेतं. मी ते काम मागच्या अंगणात केलं, देवघरातली समई विझवून, गॅस बंद ठेवून.

जोडण्याआधी मोडणं. दादाचा पांढरा डिंक ॲसिटोनच्या बोळ्यांनी हळूहळू फुगवून चिमट्याने सोलायचा. त्यातच जवळजवळ तीन महिने गेले, शनिवार-रविवार करत, कलबुर्गी-भालकी फेऱ्या मारत. सोन्याचे भाव निघाले, सिनेमाची जाहिरात निघाली. झटपट गोंद जास्त हट्टी, पण तोही सुटला. दोन नळ्यांचा गोंद नाही विरघळला. तो सांधा तसाच ठेवावा लागला, आजही आहे, पिवळट पडलेला. दादा आला की आधी तिकडेच बघतो आणि विषय बदलतो.

मग तुकड्यांना शिसपेन्सिलीने आकडे, आणि डिंकाचा थेंबही न लावता सगळं नुसतं जुळवून पाहायचं. कोणता आधी, कोणता नंतर. हा क्रम कागदावर उतरेपर्यंत बाटलीचं झाकण उघडायचं नाही. शेवटचा तुकडा बाहेर राहतो तो या ठिकाणी चुकल्यामुळे. दादाच्या वाढवलेल्या दोन तुकड्यांना जागा आहे हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मी अव्वाला उठवून दाखवलं.

जोडताना तुकडा धरून बसायचं नसतं, हात थरथरतो. परातीत कोरडी वाळू घ्यायची, खालचा भाग त्यात असा रोवायचा की वरचा तुकडा स्वतःच्या वजनाने सांध्यावर बसेल. आधी दोन्ही कडांना पातळ द्रावणाचा हात, वाळू द्यायचा, मग घट्ट डिंक, आणि चोवीस तास कुणी हात लावायचा नाही. वाळू कुठली, हे सांगायला नकोच. काकूने स्वतः चाळून, धुवून, उन्हात वाळवून दिली. ती परात भरून आणली तेव्हाच मला कळलं की तिचा राग गेलाय.

बेचाळीस अंशांचा प्रश्न

थंडीत सुळा उभा राहिला. मी फोन करून बाईंना आनंदाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. उन्हाळ्यात कुठे ठेवणार?"

हे मला कुणी आधी सांगितलं नसतं तर माझं कामही दादाच्या वाटेने गेलं असतं. बी-७२ साधारण ४० अंशाला मऊ पडू लागतं. थंड देशांतल्या पुस्तकांत ही गोष्ट कोपऱ्यात लिहिलेली असते, कारण त्यांच्या संग्रहालयात ४० अंश कधी होतच नाहीत. कलबुर्गीचा मे महिना म्हणजे बेचाळीस, कधी त्याच्याही वर, आणि पत्र्याखाली तर विचारूच नका. वजनदार तुकडा अशा उन्हात हळूहळू घसरतो. म्हणून उष्ण मुलखात काही जण त्यात त्याच जातीचं बी-४४ मिसळतात, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. माझे सांधे आधीच झाले होते. त्यामुळे तोड साधी निघाली: जागा बदलली.

आमच्या घराच्या मागच्या खोलीच्या भिंती दोन हात जाड, जांभ्या दगडाच्या. बाहेर माणूस भाजत असताना आत रांजण गार राहतो. पूर्वी तिथे लोणच्याच्या बरण्या असत. आता त्याच कोनाड्यात, सुळ्याच्या आकाराची खाच केलेल्या लाकडी पाटावर, खाली जाड मऊ कापड घालून तो आडवा ठेवलाय. उभा नाही, म्हणजे सांध्यांवर भार नाही. लोणची स्वयंपाकघरात गेली. काकूने त्याबद्दल दोन दिवस कुरकुर केली, ती करायला हवीच होती.

जे तुकडे मिळाले नाहीत तिथे मी काही भरलं नाही. बाई म्हणाल्या होत्या, भरायचंच असेल तर रंग जरा वेगळा ठेव, म्हणजे खरं कुठलं, तुझं कुठलं हे कळेल. मी खाचा मोकळ्याच ठेवल्या.

दादाच्या त्या गिऱ्हाइकाचं काय झालं, असं विचारलंत? बाईंनीच त्याला बसवून समजावलं. आपल्या देशात हत्तीच्या हस्तिदंताचा व्यापार १९८६ पासून बंद आहे, आफ्रिकी हस्तिदंताचाही १९९१ पासून. जीवाश्म सुळा विकत फिरणाऱ्याला आधी 'हा आजच्या हत्तीचा नाही' हे सिद्ध करत बसावं लागेल. आणि आमचा सुळा कोरायच्याही कामाचा नाही. सैबेरियाचा मॅमथ बर्फात राहिल्याने हस्तिदंतच राहतो, आमचा मांजराच्या गाळात राहून अर्धा दगड झालेला. दादा हसला. त्याला मनातून सुटका हवी होती असं मला वाटलं.

मांजरा, कारंजा, भीमा या आपल्या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना एक सांगते. दरडीत असं काही दिसलं तर अज्जांसारखं खुरप्याने उपसू नका. जागेचा फोटो घ्या, आजूबाजूच्या थरांसकट. शेजारी माणूस किंवा वीट ठेवा म्हणजे आकार कळेल. मग जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. जाणकार आधी ओल्या कागदाचा थर देतात, त्यावर गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून गुंडाळतात, मोडलेल्या हाताला घालतात तसं, आणि मातीसकट उचलतात. अज्जांनी सुळा कुठल्या थरातून काढला हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून त्याचं वयही सांगता येत नाही, आणि ते आता कोणत्याच डिंकाने परत येणार नाही. भूवारशाच्या जागा आणि वस्तू जपण्यासाठीच्या कायद्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. पण वाळू उपसणारी यंत्रं मसुद्यासाठी थांबत नाहीत. अज्जांनी सुळा काढला ती दरड मी शोधायला गेले, तिथे आता नुसता खड्डा आहे.

चतुर्थीला तो देवघरात येतो, पाटासकट, दादा आणि मी दोघांनी धरून. अभिषेक पितळेच्या गणपतीला. याच्यापुढे कोरडी दूर्वा आणि जास्वंद, तीही अंगावर नाही, पाटाच्या कडेला. पहिल्या वर्षी काकूने विचारलं, गंध तरी लावू का? मी बाईंना फोन केला. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, पाटाला लाव.

चुरा उरला होता, मूठभर. भिंगाखाली कितीही पाहिला तरी त्यातला कण कुठे बसत नव्हता. बाईंचं मत होतं तोही डबीत ठेवावा, उद्या कुणाला तपासायला लागेल. मी तो दोन डब्यांत ठेवला होता. विसर्जनाच्या दिवशी पाहिलं तर एक डबी रिकामी. काकू नदीवरून परत येत होती, पदर ओला. मी काही विचारायच्या आत अव्वाच म्हणाली, "इरलि बिडु." असू दे, सोड.